गाणं पुढे चाललंय, मन मात्र थाऱ्यावर नाही

विचारणारे गृहस्थ २९ वर्षांचे, म्हापशाचे, वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात नोकरीला. लहानपणापासून गाणं शिकतात, विशारद झालेत, आकाशवाणीची ‘बी’ श्रेणी आहे, स्पर्धांतल्या ढाली ठेवायला घरात जागा उरलेली नाही. तरी समाधान म्हणून नाही, असं ते लिहितात. कार्यक्रमाच्या टाळ्या थांबायच्या आत पुढच्या कार्यक्रमाची काळजी सुरू होते. बरोबरच्या एका मुलाला मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं, त्या रात्री यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुजी म्हणतात, अहंकार सोड. यांची भीती अशी की अहंकार सोडला, त्याच्याबरोबर महत्त्वाकांक्षाही गेली, तर ‘गावातला एक बरा गाणारा’ एवढंच होऊन राहायचं. शेवटी दोन व्यवहारातले प्रश्न आहेत: नोकरी सोडावी का, आणि ‘बी-हाय’ या वरच्या श्रेणीसाठी आताच अर्ज करावा का. सोबत भूप रागाचं रेकॉर्डिंग जोडलंय.

मी फोंड्याला गाणं शिकवते, बरीच वर्षं झाली. अशी विचारणा दर वर्षी कुणाची ना कुणाची येते, बहुतेक वेळा स्पर्धांचे निकाल लागले की. म्हणून जरा ऐसपैस लिहिते. यातलं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. जे पडणार नाही ते सोडून द्या.

तुमच्या गुरुजींचा मान राखून सांगते, ‘अहंकार सोड’ हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा. सल्ला खोटा नाही, पण ऐकणाऱ्याने उद्या सकाळी उठून नेमकं करायचं काय, ते त्यात नाही. ‘बेसूर गाऊ नकोस’ म्हटल्याने कुणी सुरात येत नाही. उलट अहंकार सोडायला निघालेला माणूस थोड्याच दिवसांत नम्रपणाची तालीम सुरू करतो. मंचावर गुरूंचं नाव घेताना दर वेळी कानाची पाळी पकडायची, श्रोत्यांपुढे ‘मी अजून विद्यार्थीच’ म्हणून हात जोडायचे, आणि आत जाऊन पत्रिकेवर आपलं नाव अमक्याच्या खाली का छापलं म्हणून आयोजकाला फैलावर घ्यायचं. अशी मंडळी तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याइतकं अस्वस्थ कुणी नसतं, कारण त्यांना आता दोन सोंगं सांभाळायची असतात.

तेव्हा सोडण्याचं राहू द्या. आधी निवडानिवड करू. तुम्ही दोन वेगळ्या असमाधानांना एकाच दावणीला बांधून ठेवलंय, आणि सगळा घोळ तिथे आहे.

एक असमाधान असं: मारवा रागातला रिषभ मला हवा तसा लागत नाही. विलंबितात समेवर येताना शब्द कोंबावे लागतात. खर्ज भरत नाही. हे चांगलं दुखणं आहे. ते पहाटे उठवतं, पण रात्री झोपू देतं, कारण त्यावर करण्यासारखं काहीतरी आपल्या हातात असतं. दुसरं असमाधान: त्याला बोलावलं, मला नाही. यावर कितीही रियाज करा, फरक पडणार नाही, कारण ते दुखणं तुमच्या गळ्यात नाहीच, दुसऱ्या कुणाच्या तरी डायरीत आहे. पहिल्या दुखण्यात लक्ष सुराकडे असतं. दुसऱ्यात लक्ष स्वतःच्या तसबिरीकडे असतं: ती भिंतीवर कुठे लागली, कुणाच्या वर, कुणाच्या खाली. आपण दोघांनाही ‘महत्त्वाकांक्षा’ म्हणतो आणि मग एकीला वाचवायच्या नादात दुसरीला पोसत बसतो.

कुठलं असमाधान कुठलं, हे ओळखायची एक युक्ती मी मुलांना देते. समजा, उद्या पहाटे तो रिषभ एकदाचा लागला. घरात सगळे झोपलेले, फोन बंद. त्या क्षणी तुम्ही आणखी एकदा तिथे जाऊन थांबलात, की पहिला विचार ‘अरेरे, रेकॉर्डिंग चालू असायला हवं होतं’ हा आला? उत्तर मला कळवू नका. आणि लाजूही नका, हल्ली बहुतेकांना दुसराच विचार आधी येतो. नुसता तो येताना दिसला तरी पुष्कळ काम झालं.

आता यातली जी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही ती सांगते, कारण तुमची खरी भीती तिच्याशी जोडलेली आहे. तुम्हाला वाटतं की ही तगमग गेली तर प्रगती थांबेल, म्हणजे तगमगीमुळेच आपण इथवर आलो. माझा अनुभव उलटा आहे. मत्सराने पेटलेला विद्यार्थी जास्त तास बसतो, हे खरं. पण तो रियाजात काय करतो ते दाराआड उभं राहून ऐका. जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतो. ज्या तानेला मागच्या स्पर्धेत वाहवा मिळाली ती आणखी थोडी जलद करतो, तिहाई घासूनपुसून ठेवतो. जिथे कच्चा आहे तिथे जातच नाही. रियाज म्हणजे रोज तासभर वाईट ऐकू येण्याची तयारी. मंद्र सप्तकात आवाज फाटतो, मध्यमावरून पंचमावर जाताना घसरतो, एका श्वासात सा धरताना शेवटी काप येतो. हे सगळं स्वतःच्या कानांनी निवांतपणे ऐकावं लागतं. ज्याला चोवीस तास ‘मोठा गायक’ असायचंय त्याला एकट्याने, बंद खोलीतसुद्धा, वाईट गाता येत नाही. त्याचा स्वतःपुढेही कार्यक्रमच चालू असतो. माझ्याकडे एक मुलगा आला होता, तीन सप्तकांत सपाट तान घ्यायचा, ऐकून माणूस दचकावा अशी. त्याला म्हटलं, नुसता सा लाव आणि धर. तो दोन-तीनदा धरून हसला आणि पुन्हा तानेकडे वळला. वर्षभर तो माझ्याकडे तान ऐकवायलाच येत राहिला. शिकायला एकदाही आला नाही.

म्हणजे अहंकार समाधानाच्या आड येतो हे खरंच, पण त्याआधी तो शिकण्याच्या आड येतो. आणि शिकणं थांबल्यावर जी पोकळी होते ती कार्यक्रमांनी भरायला माणूस धावत सुटतो. तुमची ‘पुढचा कार्यक्रम कधी’ ही घाई मला तिथली वाटते.

महत्त्वाकांक्षा सोडा असं मात्र मी सांगणार नाही. गोव्यात बसून तर अजिबातच नाही. आपण ज्या गाण्याची परंपरा म्हणून मिरवतो ती पुष्कळशी देवळांच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी राखली. सभामंडपात, पालखीपुढे, उत्सवाच्या रात्री त्या गायल्या, आणि बहुतेकींची नावंसुद्धा कुठे नोंदलेली नाहीत. ‘असेल त्यात समाधान मानावं’ हा उपदेश त्यांना भरपूर झाला असणार, आणि करणारे स्वतः कुळागरं, भाटं अशा बागायती राखून असणार. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिकांनी तो उपदेश मानला असता तर आज त्यांचं नाव निघालं नसतं. समाधानाच्या गोष्टी करताना मी हे विसरू शकत नाही. ज्याला दार उघडायचंच नाही तो दाराबाहेरच्याला समाधान शिकवतो, असं खूपदा होतं.

या दोघींची चरित्रं तुम्ही वयाच्या अंगाने एकदा वाचा. केसरबाईंचा जन्म १८९२चा. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे थोडे महिने, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले असे गुरू झाले. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची रीतसर शागिर्दी सुरू झाली १९२१ साली. म्हणजे तुम्ही आज जेवढे आहात जवळजवळ तेवढ्या वयाला त्यांनी नव्याने पाटी घेतली. मोगूबाईंना खाँसाहेबांनी स्वतःहून शिकवायला घेतलं, पुढे ती तालीम तुटली. मधल्या काळात त्या खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या, आणि १९३४ साली पुन्हा अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतलं. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. मध्येच तालीम तुटणं म्हणजे काय, हे शिकणाऱ्यालाच कळेल. तुम्ही २९ व्या वर्षी ‘मागे राहिलो’ म्हणता, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कुणाच्या मागे? आणि जायचंय कुठे?

इथे तुम्ही म्हणाल, केसरबाई काही नम्र म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. बरोबर. त्यांचा दबदबा जुन्या लोकांच्या तोंडून अजून ऐकायला मिळतो. शिकवलं त्यांनी जवळजवळ एकट्या धोंडूताई कुलकर्णींना, आणि १९६३-६४ च्या सुमाराला जाहीर गाणं बंद केलं ते केलंच. तेव्हा मोठं गायला गर्व लागतो का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलाय. मला जे दिसतं ते असं की त्यांचा ताठा लोकांपुढे होता, सुरापुढे नव्हता. सुरापुढे ताठा असता तर गुरू बदलत बदलत १९२१ ला पुन्हा पहिल्यापासून बसल्याच नसत्या. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन व्हॉयेजर अवकाशयानं सुटली, त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. १६ सप्टेंबरला त्या गेल्या. ती भैरवी ऐकताना बाई कशा होत्या याचा विचार येत नाही. पुकार येते ती आणि तेवढीच. मात्र त्यांचा ताठा उचलून स्वतःला लावू नका. आमच्याकडे काही जणांनी तेवढाच उचललाय.

आणि तबल्यातले खाप्रुमाम पर्वतकर. लयभास्कर. एका पायाने एक ताल, दुसऱ्याने दुसरा, हातांनी तिसरा, तोंडाने आणखी काही, आणि सगळे बरोबर समेवर. या विद्येला बाजार नव्हता. मैफलीत तिचा उपयोग फारसा नाही, ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना हिशेब कळत नसणार. पण तो माणूस आयुष्यभर त्यात रमला. मला त्यांच्याबद्दल वाचताना नेहमी वाटतं की यांना ‘तुम्ही कितव्या नंबरावर आहात’ असं कुणी विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता.

तुमच्या नंबरांबद्दलही दोन शब्द, कारण मी टेबलाच्या पलीकडे बसते. स्पर्धेत परीक्षकापुढे कागद असतो, त्यावर स्वर, ताल, रागशुद्धता, सादरीकरण असे रकाने. सकाळी पहिला स्पर्धक गातो तेव्हा कान ताजे असतात पण हात आखडता, कारण पुढे कोण येईल माहीत नसतं. पहिल्या क्रमांकाने गाणाऱ्यावर अन्याय होतो हे प्रत्येक परीक्षकाला ठाऊक असतं आणि तरी होतोच. जेवणानंतर तोच यमन, तीच मध्यलयीची बंदिश, कितव्यांदा ते मोजणं सोडून दिलेलं. सभागृहात पंखा गरगरतोय, पेटीवाल्याला घरी जायची घाई. अशा वेळी कुणी जरा वेगळा राग घेऊन बसला की आम्ही तिघेही एकदम सरळ होऊन बसतो, आणि अर्धा गुण हातातून सुटतो. शेवटी बेरीज. पहिला आणि तिसरा यांच्यात कधी कधी दीड गुणाचं अंतर असतं. आमच्यापैकी एकाने चहा घेतला नसता तर दुसराच निकाल लागला असता, असं आम्ही आपसात बोलतो, हसतो, आणि निकालपत्रावर सह्या करतो. तो दीड गुण तुम्ही घरी नेता आणि वर्षानुवर्षं उशाशी घेऊन झोपता. महोत्सवाचं बोलावणं तर याहून ढिलं काम. तारीख, प्रायोजक, प्रवासखर्च, मागच्या वर्षी कुठलं घराणं झालं, कुणाचा फोन पहिल्यांदा लागला. यात कुणी दुष्ट नसतं. पण यातून स्वतःची किंमत काढायला बसणं म्हणजे दुसऱ्याच्या वाणसामानाच्या यादीत आपलं भविष्य वाचणं.

बरं, हे सगळं पटून उपयोग नाही. पटलेलं असतंच. मत्सर येतो तेव्हा पटलेलं कामाला येत नाही. म्हणून करायच्या गोष्टी सांगते.

रियाजाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं गाऊ नका. तानपुरा लावा आणि नुसता ऐका. तुमच्याकडे खरा तानपुरा असेल अशी आशा आहे. मोबाईलमधल्या तानपुऱ्याने प्रवासात भागतं, या कामाला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा जागेवर राहत नाहीत, खुंट्या दहादा पिळाव्या लागतात, पण तीसुद्धा तालीमच आहे. खुंटीने जवळ आणा, मण्याने नेमकं करा, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, उघडा. मग चौथी तार, खर्जाची, तिच्याकडे कान लावा. जवारी नीट असेल तर त्या षड्जाच्या पोटातून एक गंधार निघतो. कुणी लावलेला नसतो, कुठल्याही तारेवर नसतो. हाच स्वयंभू गंधार. शास्त्र साधं आहे: कंप पावणाऱ्या तारेत मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे स्वर मिसळलेले असतात, त्यांतला पाचवा म्हणजे हा गंधार, दोन सप्तकं वरचा. पेटीच्या गंधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो, साधारण १४ सेंट. १०० सेंटचा एक अर्धस्वर धरला तर किती बारीक ते बघा. पेटीवर वाढलेल्या कानाला पहिल्यांदा तो खाली वाटतो, मग काही आठवड्यांनी पेटीच चढी वाटू लागते.

हे मी ध्यान म्हणून सांगत नाही. गाणं म्हणूनच सांगतेय. पण यात एक गंमत आहे. ‘आज मला ऐकू आलाच पाहिजे’ म्हणून बसलात तर तो येत नाही. आपण काल किती चांगलं गायलो याचा विचार करत बसलात तरी येत नाही. डोक्यातली बडबड थोडी बसली की अचानक तो तिथे असतो, आणि लक्षात येतं की तो मघापासून होताच. माझ्या वर्गातली मुलं सुरुवातीला हटकून खोटं बोलतात, ‘हो, आला’ म्हणून. मी विचारते, मग गाऊन दाखव. खोटं बोलणारा पेटीचा गंधार गातो. खरंच ऐकलेला मुलगा जरा थांबतो, खालून चाचपत तिथे जातो, आणि आवाज तारेत मिसळल्यावर स्वतःच थक्क होतो. ती दोन-तीन सेकंदं तुम्ही ज्याला समाधान म्हणता त्याचीच आहेत. त्यासाठी महोत्सव लागला नाही. आणि त्या मुलाला पुढच्या क्षणी काय हवं असतं माहीत आहे? पुन्हा तिथे जायचं असतं. समाधानी माणूस आळशी होतो, ही भीती तिथे उरत नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. ज्या मुलाला बोलावणं आलं, त्याच्या पुढच्या कार्यक्रमात मागे तानपुऱ्यावर बसा. तुमच्यात अबोला झालेला नसेल तर फोन करून स्वतःहून विचारा. तानपुऱ्याला माणूस मिळत नाही ही सगळ्यांचीच अडचण, तो खूष होईल. मागे बसल्यावर गाता येत नाही, मान डोलवण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि बोटं थांबवून चालत नाही. दोन तास त्याचा सूर सांभाळायचा हेच तुमचं काम. मग तुम्हाला ऐकू येईल की तो अंतऱ्याला जाताना घाबरतो. किंवा ऐकू येईल की तो खरंच तुमच्यापेक्षा बरा गातो, आणि नेमका कुठे बरा गातो. दोन्ही झालं तरी ‘तो’ नावाचा जो राक्षस तुमच्या डोक्यात रात्री दोन वाजता बसतो, त्याच्या जागी घाम पुसणारा, पाण्याचा पेला शोधणारा एक माणूस येतो. मी हे औषध बऱ्याच जणांना दिलंय. काहींनी घेतलं नाही. घेतलेल्यांपैकी कुणी तक्रार केलेली नाही.

तिसरं, श्रावणात कुठल्या तरी भजनी सप्ताहात जाऊन बसा. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह तुम्हाला माहीत आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला साथीच्या रोगाच्या दिवसांत सुरू झालेला. देवापुढे श्रीफळ ठेवलं की चोवीस तास भजन तुटू द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी ते समुद्रात विसर्जन केलं की मगच थांबायचं. आपण सगळे तिथे संध्याकाळी जातो, फेरी बघतो, भजी खातो, ओळखीचे भेटतात आणि परत येतो. तुम्ही आपल्या गावच्या सप्ताहात रात्री दोननंतरची पाळी मागून घ्या. तिला कुणी भांडत नाही. मंडपात चार माणसं, त्यांतला एक खांबाला टेकून घोरतोय, पखवाजवाल्याचे डोळे जड. आवाज लागलेला नसतो. अभंग कुणी उचलला, मधला आलाप कुणी घेतला, याची नोंद कुठेही होत नाही. काम एकच: आधीच्यांनी दिलेला धागा पुढच्यांच्या हातात जाईपर्यंत तुटू नये. विशारद झालेली मुलं तिथे पहिल्या अर्ध्या तासात ताना घेऊन बघतात. कुणी वळूनही बघत नाही. मग ती गायला लागतात. मुद्दाम देवाची गोष्ट करत नाही, तुमची श्रद्धा असेल-नसेल; पण आपलं नाव न लागता, आपण गेल्यावरही जे चालूच राहणार आहे त्यात आवाज मिसळायचा अनुभव गायकाला हवाच. स्पर्धेच्या वळणाने तो आपल्या मुलांना मिळेनासा झालाय. आता सप्ताहातही कुणी मोबाईल उभा करून थेट प्रक्षेपण करू लागलाय, ते एक असो.

मोबाईलवरून आठवलं. रियाजाच्या खोलीत तो नको. स्वतःचं रेकॉर्डिंग जरूर करा, साध्या रेकॉर्डरवर, आणि आठवडा जाऊ द्या. त्याच रात्री ऐकलं तर आपण स्वतःचं कौतुक तरी करतो नाहीतर स्वतःला झोडपतो. आठवड्याने ते दुसऱ्या कुणाचं तरी गाणं वाटतं आणि चूक कुठे आहे ते सरळ दिसतं.

झोपेबद्दल मात्र स्पष्ट सांगते. एखादी रात्र गेली तर ठीक. पण झोप उडणं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, जेवणावरून वासना गेली असेल, गाण्यातही रस वाटेनासा झाला असेल, ‘आपण नसलो तर काय बिघडेल’ असे विचार येत असतील, तर ते माझ्या खात्यातलं नाही आणि तानपुऱ्याच्याही नाही. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, तिथे दाखवा. ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. यात कमीपणा नाही. घसा बसला की आपण डॉक्टरकडे जातोच.

नोकरीचं म्हणाल तर आत्ता सोडू नका. पैसा हे एक कारण आहेच, पण माझं कारण वेगळं आहे. आज तुम्हाला बोलावणं आलं नाही तर फक्त मन दुखतं. नोकरी सोडल्यावर तेच बोलावणं घरभाडं असेल, वीजबिल असेल. मग ज्या असमाधानाला आपण बाजूला काढू पाहतोय त्याच्याच हातात घराच्या किल्ल्या जातील. आणि आयोजकाला काय आवडेल तेच गाण्याचा मोह टाळणं तेव्हा खरंच अवघड होईल; पूर्णवेळ गाणाऱ्या माझ्या ओळखीच्या कितीतरी भल्या माणसांना ते जमलेलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. पाळीची नोकरी असेल तर फार तर सकाळचे दोन तास हाती राहतील अशी पाळी मागून घ्या. रोजचे दोन तास, त्यातले पहिले पंधरा मिनिटं वरच्यासारखे, पुष्कळ होतात. पुढे कधी सोडावीशी वाटली तर त्या वेळी विचारा, उत्तर कदाचित वेगळं असेल.

अर्ज करा. ‘बी-हाय’ मागण्यात काहीच गैर नाही, परीक्षा आहे, देऊन बघायची. अर्ज टाकला की त्याची पावती कपाटात ठेवून त्याच दिवसापासून भूप हातात घ्या, कारण तुमचं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. आवाज चांगला आहे, लय पक्की आहे. पण आलापात वर चढताना तुम्ही धैवतावर इतके रमता की देशकार हा शेजारचा राग डोकावायला लागतो. भूपाचा जीव गंधारात, धैवताने त्याला साथ करायची. उतरताना पंचमावरही ठेचकाळता, तिथून सरळ गंधारावर या. मंद्र धैवतापासून मध्य गंधारापर्यंत एवढीच जागा महिनाभर करा, ताना बंद. चौथ्या मिनिटाला तुमचा एक गंधार अगदी जागेवर लागलाय. तुम्ही तिथे थांबला नाहीत, लगेच तान घेतलीत. पुढचं रेकॉर्डिंग पाठवाल तेव्हा द्रुत नको, विलंबितातला सुरुवातीचा भाग तेवढा पाठवा.